नातवंडांचा ताप आणि औषधाचा चमचा: आजी-आजोबांसाठी माहिती

मी निवृत्त परिचारिका. नर्सिंगचा डिप्लोमा करून मुंबईत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात गेली. आता सत्तरी ओलांडली आहे आणि वर्षातले काही महिने अजमानला मुलाकडे असते. अजमानला राहून रोज शारजाला किंवा दुबईला कामावर जाणारी पुष्कळ कुटुंबं आहेत. सकाळी लवकर निघायचं, संध्याकाळी ट्रॅफिकमधून परत यायचं. तोवर घरात लहान मूल आणि आपण. मुलाला ताप चढतो तो नेमका अशाच वेळी.

गेल्या वर्षी माझ्या हातून जे झालं ते आधी सांगते. नातू दोन वर्षांचा, वजन १२ किलो. दुपारी अंग तापलं. सुनेला फोन केला. ती म्हणाली, "आई, तापाच्या औषधाचे पाच मिलि द्या." मी दिले. पण ती बोलत होती इथल्या फार्मसीतून आणलेल्या बाटलीबद्दल, आणि मी उघडली मुंबईहून बॅगेत आणलेली बाटली. औषध तेच, पण माझी बाटली दुपटीहून कडक. दोन तासांनी सून घरी आली, पोराचं अंग अजून गरम बघून तिने आपली बाटली काढली. मी सहज विचारलं, "ही कुठली?" दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या, चष्मा लावला, आणि माझ्या पोटात गोळा आला. लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी हिशेब केला आणि सांगितलं की एकदाच जास्त गेलं आहे, धोका नाही, मात्र आज पुढचा डोस उशिरा द्या. नातू रात्री खेळायला लागला. मला मात्र झोप आली नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना औषध देताना प्रत्येक बाटली तीनदा वाचली, आणि घरच्या मुलाला देताना एकदाही वाचली नाही.

म्हणून हा लेख. ठाणे-पनवेलला असा, अश्दोद-दिमोनाला असा किंवा इथे आखातात, गोष्ट एकच आहे: मात्रा चमच्याची नसते, वयाचीही नसते. मात्रा मुलाच्या वजनाची आणि मिलिग्रॅमची असते.

औषध एक, नावं अनेक

मुलांच्या तापावर आणि दुखण्यावर चिठ्ठीशिवाय मिळणारी मुख्य औषधं दोनच: पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. बाकी सगळी नावं कंपन्यांची.

पॅरासिटामॉल भारतात क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो या नावांनी मिळतं. अमिरातीत अ‍ॅडॉल आणि पॅनाडॉल. अ‍ॅडॉल तर इथेच रास अल खैमाला तयार होतं. इस्रायलमध्ये अकामोल, आणि मुलांचं ते अकामोली. अमेरिकेत टायलेनॉल, आणि तिथे या औषधाला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. नाव कोणतंही असो, आत पॅरासिटामॉलच. क्रोसिन देऊन ताप उतरला नाही म्हणून अ‍ॅडॉल दिलं, तर औषध बदललेलं नाही. तेच औषध दुसऱ्यांदा दिलं आहे.

आयबुप्रोफेन म्हणजे ब्रुफेन, नूरोफेन, इथलं प्रोफिनाल. भारतातल्या कॉम्बिफ्लाम आणि आयबुजेसिक प्लस यांत दोन्ही औषधं एकत्र असतात. ते दिलं असेल तर वेगळं पॅरासिटामॉल देऊ नका.

सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल लपलेलं असतं. तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं असं समजून दोन्ही दिली की डोस दुप्पट होतो. शिवाय क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

बाटलीवरचे दोन आकडे

बाटली हातात घेतली की आधी दोन आकडे शोधा: किती मिलिग्रॅम औषध, आणि ते किती मिलिलिटरमध्ये. मिलिग्रॅम म्हणजे औषधाचं वजन. मिलिलिटर म्हणजे पातळ सिरपचं माप. डोस ठरतो मिलिग्रॅमवर, आपण ओततो मिलिलिटर. सगळा घोटाळा इथेच होतो.

पॅरासिटामॉल साधारण तीन प्रकारांत मिळतं:

- साधं सिरप: ५ मिलि. मध्ये १२० मिग्रॅ.
- कडक सिरप: ५ मिलि. मध्ये २४० किंवा २५० मिग्रॅ.
- तान्ह्या बाळांचे थेंब: १ मिलि. मध्येच १०० मिग्रॅ.

थेंबांची बाटली सर्वांत छोटी आणि बाळाची म्हणून ती सौम्य असेल असं वाटतं. खरं तर ती सर्वांत कडक आहे, साध्या सिरपच्या चौपटीहून जास्त. थेंबांच्या बाटलीतून चुकून एक चमचा, म्हणजे ५ मिलि., दिलं तर ५०० मिग्रॅ. पोटात जातात. तो मोठ्या माणसाच्या एका गोळीचा डोस झाला. अमेरिकेत अशा चुका होत होत्या म्हणून २०११ पासून कंपन्यांनी बाळांचं वेगळं कडक औषध बंद करून सगळ्या मुलांसाठी ५ मिलि. मध्ये १६० मिग्रॅ. अशी एकच ताकद ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे आणि आखातात मात्र वेगवेगळ्या ताकदी एकाच शेल्फवर असतात.

आखातात आलेल्यांसाठी आणखी एक. इथल्या खोक्याच्या एका बाजूला अरबी आकडे असतात. अरबीतला पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. अरबीतला सहा इंग्रजी सातासारखा वाटतो. अंदाजाने वाचू नका, खोकं फिरवा आणि इंग्रजी बाजू वाचा. अक्षर बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. मी आता हेच करते.

पॅरासिटामॉल: किती द्यायचं

नियम असा: एका वेळी मुलाच्या वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिग्रॅ. दोन डोसांमध्ये किमान ४ तास, शक्यतो ६ तास. २४ तासांत जास्तीत जास्त ४ वेळा.

नातवाचंच उदाहरण घेऊ. वजन १२ किलो. बारा दाहे १२०, बारा पंधरे १८०. म्हणजे एका वेळी १२० ते १८० मिग्रॅ. साध्या सिरपचे ५ मिलि. म्हणजे १२०. बरोबर. मी दिले कडक सिरपचे ५ मिलि., म्हणजे २५०. चूक.

एका वेळची मात्रा वजनाप्रमाणे खाली देते. पहिला आकडा साध्या सिरपचा (१२० मिग्रॅ.), दुसरा कडक सिरपचा (२५० मिग्रॅ.):

- ६ किलो: साधं २.५ ते ३.५ मिलि.; कडक १.२ ते १.८ मिलि.
- ८ किलो: साधं ३.५ ते ५ मिलि.; कडक १.६ ते २.४ मिलि.
- १० किलो: साधं ४.५ ते ६ मिलि.; कडक २ ते ३ मिलि.
- १२ किलो: साधं ५ ते ७.५ मिलि.; कडक २.५ ते ३.५ मिलि.
- १५ किलो: साधं ६.५ ते ९ मिलि.; कडक ३ ते ४.५ मिलि.
- २० किलो: साधं ८.५ ते १२.५ मिलि.; कडक ४ ते ६ मिलि.

डॉक्टरांनी तुमच्या मुलासाठी वेगळी मात्रा लिहून दिली असेल तर तीच पाळा. मूल फार लठ्ठ किंवा फार कृश असेल, त्याला लिव्हरचा आजार असेल किंवा ते दोन दिवस जेवलेलं नसेल, तर आधी विचारा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला आपल्या मनाने काहीही देऊ नका.

वजन माहीत नसेल तर काट्यावर आधी स्वतः उभं राहा, मग मुलाला कडेवर घेऊन. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे मुलाचं वजन. गुडघे कुरकुरत असतील तर हे काम सुनेला किंवा मुलाला सांगा. दर तीन महिन्यांनी वजन करून आकडा फ्रिजवर लावून ठेवा.

आयबुप्रोफेन: कधी आणि कधी नाही

एका वेळी दर किलोला ५ ते १० मिग्रॅ., दोन डोसांत ६ ते ८ तास, २४ तासांत तीनदाच. सिरपची नेहमीची ताकद ५ मिलि. मध्ये १०० मिग्रॅ. १२ किलोच्या मुलाला ३ ते ६ मिलि. उपाशीपोटी न देता काही खाऊन-पिऊन झाल्यावर द्यावं.

पुढच्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका: सहा महिन्यांच्या आतलं बाळ, उलट्या-जुलाबांनी सुकलेलं मूल, कारण त्याच्या किडनीवर ताण येतो, कांजिण्या आलेलं मूल, दम्याचं मूल, आणि जिथे डेंग्यूची शंका आहे तिथे. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात हे शेवटचं विसरू नका. डेंग्यूत रक्तस्राव होऊ शकतो आणि आयबुप्रोफेन तो वाढवतं. तिथे पॅरासिटामॉलच.

ही दोन औषधं आलटून-पालटून देण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. डॉक्टरांनी सांगितलं तर ठीक. आपल्या मनाने नको, कारण दोन बाटल्या, दोन वेळापत्रकं आणि थकलेली माणसं यांत हमखास गोंधळ होतो.

आपल्या ड्रॉवरमधली जुनी औषधं

आपल्या लहानपणी ताप आला की अ‍ॅस्प्रो किंवा डिस्प्रिनची पाव गोळी पाण्यात विरघळवून देत. ती अ‍ॅस्पिरिन. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉक्टर राय यांनी मुलांतल्या एका भयंकर आजाराचं वर्णन केलं, ज्यात मेंदूला सूज येते आणि लिव्हर बिघडतं. पुढे फ्लू किंवा कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन दिलेल्या मुलांशी त्याचा संबंध दिसला. ब्रिटनमध्ये आता १६ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन देत नाहीत. "आम्हाला देत होते, आम्हाला काय झालं?" असं म्हणू नये. आपल्यातल्या पुष्कळांच्या डबीत हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन असते. ती डबी वेगळी, कुलपात.

निमेसुलाइडची गोळीही घरोघरी असते. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी तिच्यावर भारत सरकारने फेब्रुवारी २०११ मध्ये बंदी घातली आहे. मेफ्टाल-पी म्हणजे मेफेनामिक अ‍ॅसिड, ते डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. मोठ्यांची ६५० ची गोळी मोडून मुलाला देऊ नका. अर्धी गोळी म्हणजे ३२५ मिग्रॅ., आणि अंदाजाने मोडलेली गोळी कधीच बरोबर अर्धी होत नाही.

मोजायचं कशाने

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. माझ्या सुनेच्या घरातले तीन "छोटे" चमचे मी मोजून पाहिले, तिन्हींत वेगवेगळं पाणी मावलं. बाटलीबरोबर आलेलं माप किंवा फार्मसीत मिळणारी तोंडाने औषध द्यायची सिरिंज, सुई नसलेली, तीच वापरावी. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावू नका.

बाटली आधी नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि शेवटचे डोस कडक होतात. मुलाला आडवं न ठेवता मांडीवर बसवा, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा. दुधाच्या पूर्ण बाटलीत औषध मिसळू नका, कारण दूध उरलं तर किती औषध पोटात गेलं ते कळत नाही. औषधाला "सरबत" किंवा "गोळी-चॉकलेट" म्हणून फसवू नका. तेच मूल उद्या खुर्चीवर चढून ते सरबत शोधतं.

पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुलाने सगळं ओकलं तर तोच डोस एकदा परत देता येतो. त्यानंतर ओकलं तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. गुदद्वारातून द्यायची बत्ती दिली असेल तर तोही डोसच, तो मोजायचा.

कोणी दिलं, केव्हा दिलं

घरात देणारे हात जास्त असले की चूक होते. आजीने दिलं, आईला माहीत नाही. आईने दिलं, रात्री बाबा उठून परत देतात. यावर उपाय कागद आणि पेन्सिल. फ्रिजवर कागद लावा: वेळ, औषध, किती मिलि., कोणी दिलं. बाटलीही घरात एकच ठेवा. आमच्या घरी मुंबईची बाटली त्याच दिवशी बाद झाली.

ज्यांना लिहिणं जमत नाही, किंवा जे शब्बाथला लिहीत नाहीत, त्यांच्यासाठी माझी युक्ती: एका वाटीत चार चिंचोके ठेवा. डोस दिला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. पहिली वाटी रिकामी झाली की त्या २४ तासांत आणखी औषध नाही. वेळ मात्र घरातल्या दुसऱ्या माणसाला तोंडाने सांगून ठेवा. वाट्या उंच ठेवा, चिंचोका मुलाच्या नाकातोंडात जायला नको.

ताप म्हणजे किती, आणि औषध केव्हा नको

आपल्याला फॅरनहाइटची सवय. इथले थर्मामीटर बहुधा सेल्सियस दाखवतात. लक्षात ठेवा: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. ताप ३८ पासून धरतात.

ताप हा शरीराचा लढा आहे. ३८.५ ताप असूनही मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर औषधाची घाई नको. औषध द्यायचं ते मुलाला अस्वस्थ वाटतं, दुखतं, झोप लागत नाही म्हणून. आकडा उतरवण्यासाठी नाही. औषधाने ताप एखाद-दीड डिग्री उतरला तरी औषध लागू पडलं असं समजा. तापातली आकडी या औषधांनी टळत नाही, म्हणून भीतीपोटी जादा डोस देण्यात अर्थ नाही.

बर्फाचं पाणी, कोलन वॉटरच्या पट्ट्या नकोत. गोधडीत गुंडाळणंही नको. एक पातळ कपडा, हवेशीर खोली, आणि थोडं थोडं पाणी, पेज, दूध.

अजमानच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. मूल उन्हातून किंवा बंद गाडीतून आलं आणि अंग चटके बसण्याइतकं तापलं असेल, सुस्त असेल, तर तो साधा ताप नाही. त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. लगेच गार जागी न्या, कपडे काढा, अंग ओलं करून वारा घाला आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

थांबू नये अशा वेळा

- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा जास्त ताप
- मूल उठवून उठत नाही, किंवा सतत किंचाळून रडतं
- श्वास भरभर, बरगड्या आत ओढल्या जातात, ओठ निळसर
- मान ताठ, आकडी, किंवा दाबल्यावर न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके
- आठ तासांत लघवी नाही, डोळे खोल गेले
- ताप तीन दिवसांहून जास्त

जास्त औषध गेलं तर

पॅरासिटामॉलचा कपटीपणा असा की जास्त गेलं तरी पहिला दिवस मूल अगदी ठीक दिसतं. लिव्हरची हानी आत चालू असते. यावर उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून "काही होत नाहीये, बघू" असं म्हणून रात्र काढायची नाही. मिठाचं पाणी पाजून, घशात बोट घालून उलटी काढायची नाही. बाटली बरोबर घ्या, किती गेलं आणि किती वाजता ते सांगा.

अमिरातीत अ‍ॅम्ब्युलन्स ९९८. महाराष्ट्रात १०८. इस्रायलमध्ये मागेन दाविद अदोम १०१. भारतात विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्सचं केंद्र, १८०० ११६ ११७. इस्रायलचं विषबाधा माहिती केंद्र हैफाच्या रामबाम रुग्णालयात आहे. शब्बाथ असला तरी फोन उचला. जीव वाचवण्यापुढे शब्बाथही बाजूला ठेवायचा, हीच आपली शिकवण आहे.

आणि घरच्यांपासून लपवू नका. सून काय म्हणेल, मुलगा परत मूल सोपवेल का, ही भीती मलाही वाटली होती. डॉक्टरांना फोन करताना माझा हात थरथरत होता. पण सुनेने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही विचारलंत म्हणून कळलं. नाहीतर मी अजून एक डोस दिला असता." चूक सांगितल्याने माझा मान गेला नाही. न सांगता बसले असते तर पोराला दुसरा डोस गेला असता.

भारतातून येताना

मुलांचं तापाचं औषध बॅगेत भरून आणायची गरज नाही, इथे प्रत्येक फार्मसीत ते मिळतं आणि फार्मासिस्टला हिंदी बहुधा समजतं. आपली स्वतःची औषधं आणताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन बरोबर ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉल अशी औषधं अमिरातीत नियंत्रित आहेत. त्यांच्यासाठी आधी तिथली सरकारी परवानगी लागते.

आज एवढंच करा. उठा, घरातली मुलांच्या तापाची बाटली काढा, चष्मा लावा, दोन आकडे वाचा आणि जाड पेनाने बाटलीवर लिहा: मुलाचं नाव, वजन, एका वेळचे मिलि. मुलाला ताप येईल तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतील आणि चष्मा सापडणार नाही. तेव्हा हे मोठं अक्षर कामाला येईल.

सर्वांच्या नातवंडांना आरोग्य लाभो. शालोम.